शाळा तपासणी आणि विशेष गरजा असणारी मुलं : फाईलपलीकडची तयारी कशी करायची?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी.

मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. जानेवारीत आमची वार्षिक तपासणी लागली आहे. टाचणं (तासांचं लेखी नियोजन), आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, किर्द, जनरल रजिस्टर या गोष्टी वर्षभर जागेवर असतात, त्यांची चिंता नाही. माझं मन अडकलंय ते विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या कामापाशी.

आमच्याकडे अशी पाच मुलं आहेत. चौथीत एक मुलगी अल्पदृष्टीची. दुसरीतला एक मुलगा श्रवणयंत्र लावतो. तिसरीत सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा आहे, रोलेटर (चाकांचा वॉकर) धरून चालतो. पाचवीत बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी. आणि चौथीतच एक मुलगा असा आहे की ज्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. तोंडी हिशेब वर्गात सगळ्यांच्या आधी सांगतो, गोष्ट सांगायला लागला की पोरं ऐकत बसतात. पण 'बदक' लिहायला सांगितलं की 'दबक' लिहितो, आणि उतारा वाचायला पुढे बोलावलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं.

मागच्या तपासणीत हा विषय असा झाला : "दिव्यांग विद्यार्थ्यांची फाईल आहे का?" "आहे, साहेब." "ठीक. पुढचं दाखवा." फाईलमध्ये यादी होती, यूडीआयडी कार्डांच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्रांच्या) झेरॉक्स होत्या आणि ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाचे फोटो होते. पाचवीतली ती मुलगी वर्गात बसून दिवसभर काय करते, हे त्या फाईलवरून कुणालाच कळलं नसतं.

आता स्क्वाफचं, म्हणजे शाळेच्या गुणवत्ता मूल्यांकन आराखड्याचं, स्वयंमूल्यांकनही आलं आहे. १२८ मानकं, आणि आपण जो स्तर लावू त्याला पुरावा द्यायचा. समावेशनाच्या मानकांना पुरावा म्हणून काय जोडायचं यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणतो रॅम्पचा फोटो आणि फाईल पुरे. मला ते पटत नाही. अधिकारी येतील त्या दिवशी ही पाचही मुलं आपापल्या वर्गात, आपापल्या सोबत्यांमध्ये, स्वतःला झेपेल असं काहीतरी शिकताना दिसली पाहिजेत. ते दृश्य एका दिवसासाठी उभं करता येत नाही, म्हणून आत्तापासून काय करायचं ते विचारतेय. विशेष शिक्षक आमच्याकडे महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी येतात. त्यांच्याकडे शाळा भरपूर आहेत, त्यांना दोष नाही.

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

फिरता फळा

ताई, मी गट साधन केंद्रातला विशेष शिक्षक. तुम्ही ज्यांना दोष दिला नाहीत त्यांच्यातलाच एक, म्हणून आधी आभार.

सुरुवात वैयक्तिक शैक्षणिक योजनेपासून करा, कारण सगळा घोळ तिथेच असतो. मी शाळाशाळांतून ज्या योजना पाहतो त्यातल्या कित्येकांमध्ये फक्त नाव बदललेलं असतं. "भाषा विकास साधणे", "सामाजिक कौशल्ये वाढवणे", "आत्मविश्वास निर्माण करणे". हे वाचून सोमवारी सकाळी बाईंनी काय करायचं? आता हे बघा : "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काना-मात्रा नसलेले दोन अक्षरी दहा शब्द चित्राच्या आधाराशिवाय वाचेल." किंवा पाचवीतल्या तुमच्या मुलीसाठी : "दहा रुपयांपर्यंतची नाणी-नोटा ओळखून दुकानखेळात सुट्टे परत देईल." हे झालं की नाही, ते कुणालाही पाहता येतं. तिलाही पाहता येतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

एका मुलाला एका वेळी तीन उद्दिष्टं, जास्त नकोत. त्याखाली कोण करणार, कधी करणार, कुठलं साहित्य लागणार. आणि सर्वात खाली तारीख घालून पुन्हा पाहिल्याची नोंद. ही नोंद प्रामाणिक असू द्या. "सहा शब्द जमले, 'ळ' अजून अडतो, चित्रकार्ड चालू ठेवणे" असं लिहिलेलं पान मला "प्रगती समाधानकारक" यापेक्षा शंभरपट पटतं.

आता एकेका मुलाबद्दल.

श्रवणयंत्रवाला मुलगा : यंत्र रोज चालू आहे का, हे कोण बघतं? कानामागच्या यंत्राची बटण-बॅटरी आठ-पंधरा दिवसांत संपते आणि गावात मिळत नाही. मग मूल यंत्र लावून बसतं आणि ऐकत काहीच नाही. तपासायची सोपी रीत आहे. यंत्र चालू करून मुठीत धरा, शिट्टीसारखा आवाज आला तर चालू आहे. आला नाही तर बॅटरी गेली किंवा नळीत मळ अडकलाय. हे काम परिपाठानंतर एका मिनिटात होतं. दोन जादा बॅटऱ्या वर्गाच्या कपाटात ठेवा. आणि बाईंना सांगा, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, लिहून झालं की वळून बोलायचं. त्याला ओठ दिसले पाहिजेत.

अल्पदृष्टीची मुलगी : पहिल्या बाकावर बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. दुपारी खिडकीतून ऊन फळ्यावर येतं का पाहा. चकाकी आली की तिच्यासाठी फळा कोरा. उठून फळ्याजवळ जायची तिला कायमची मुभा असावी, दर वेळी विचारायला लागू नये. जाड रेघांची वही, काळं जाड पेन, वाचायला तिरका स्टँड. मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळतात. मिळाली नसतील तर मागणी लेखी करा आणि जावक क्रमांक जपून ठेवा.

प्रमाणपत्र नसलेल्या मुलाबद्दल वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

शेरेबुक

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तपासणीच्या दुसऱ्या बाजूला आयुष्य गेलं, तिथून सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची, कारण ती झटकन उरकते. यूडायस प्लसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाईन माहिती प्रणालीत) जितकी विशेष गरजा असणारी मुलं दाखवली आहेत, तितकीच हजेरीत आणि तुमच्या नोंदवहीत असली पाहिजेत, आणि दिव्यांगत्वाचा प्रकारही तोच हवा. यूडायसला 'श्रवणदोष' आणि प्रमाणपत्रावर 'वाचा व भाषा अक्षमता' असं असेल तर तो घोळ आज निस्तरा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला, आणि त्यात प्रकार २१ आहेत. जुन्या नमुन्यातल्या नोंदवह्या अजून सातच प्रकारांवर चालतात, त्या बदला. मुलींचा प्रोत्साहन भत्ता महिना दोनशेप्रमाणे दहा महिन्यांचा असतो. तुमच्याकडच्या दोन्ही मुलींच्या पासबुकावर तो पडलाय का, ते स्वतः पाहा. आधार खात्याला जोडलेलं नसतं आणि वर्ष निघून जातं.

आता खरं काम. चांगला तपासणी अधिकारी फाईल हातात घेऊन वर्गात जातो. मी असं करायचो : नोंदवहीतून एक मूल निवडायचं आणि त्या मुलाच्या मागे अर्धा तास घालवायचा. ते कुठे बसलंय, बाई त्याला प्रश्न विचारतात का, वही उघडली तर तारखा सलग आहेत का, इतरांनी उतारा लिहिला त्या दिवशी याच्या पानावर काय आहे. कितीतरी वह्यांमध्ये जूनमधली चार पानं भरलेली आणि पुढे सगळं कोरं पाहिलंय. योजना मात्र छापील आणि सुबक. त्यानंतर वर्गशिक्षकांना एकच प्रश्न : "या मुलाला आत्ता काय येतं, आणि पुढचं पाऊल काय?" ज्या बाई "त्याला काही येत नाही हो" म्हणायच्या त्यांची फाईल मी उघडतच नसे.

म्हणून ताई, तुमच्या प्रत्येक वर्गशिक्षकाला या प्रश्नाचं उत्तर न बघता देता येईल एवढी तयारी करा. ते उत्तर पाठ करून येत नाही, मुलासोबत रोज बसलं तरच येतं.

शाळासिद्धी या आधीच्या मूल्यांकनाच्या सात क्षेत्रांत समावेशन, आरोग्य आणि सुरक्षितता असं एक क्षेत्र होतंच. तेव्हाही बऱ्याच शाळांनी रॅम्प आहे म्हणून वरचा स्तर लावून टाकला. स्क्वाफमध्ये पुन्हा तेच होऊ देऊ नका. खालचा स्तर लावून त्याखाली काय कमी आहे ते लिहिणं जास्त कामाचं, कारण मागणी तिथून उभी राहते.

दोनशिक्षकी

वाचतोय. सगळं बरोबर आहे, पण मी जिथून लिहितोय तिथे पाच वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातला एक जण बहुतेक दिवस ऑनलाईन माहिती भरण्यात, नाहीतर बैठकीला. माझ्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेली दोन मुलं आहेत. मी तीन इयत्ता एकत्र शिकवतो. मुठीत यंत्र धरून शिट्टी ऐकायला एक मिनिट लागतं हे खरं, पण अशी एकेक मिनिटं जोडत गेलं की दिवस संपतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि त्यापुढे उच्च प्राथमिक-माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक. कुठे आहेत ते? पदं भरायची नाहीत, आणि तपासणीत विचारायचं मात्र सामान्य शिक्षकाला. मला त्या मुलांचं करायचंय, मनापासून करायचंय, पण हे काम शास्त्राचं आहे. माझं डी.एड. झालं तेव्हा यावर एक धडा होता. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय काम करता येत नाही, एवढं ते वेगळं शिक्षण आहे. मग आम्ही कुठल्या बळावर करायचं?

पाटीपेन्सिल

दोनशिक्षकी सर, तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. विशेष शिक्षकाची जागा मी भरून काढू शकत नाही आणि तसं दाखवणारही नाही. पण ती मुलं आज माझ्या वर्गात आहेत. पद भरेपर्यंत ती पाचवीतून सातवीत जातील. म्हणून दोन्ही एकदम करायचंय, वर्गातलंही आणि मागणीचंही.

एक विचारते. तुमच्या त्या दोन मुलांसाठी टाचणात वेगळी ओळ लिहिता का? आमच्याकडे तिसरीच्या सरांनी सुरू केलंय. तासाचा घटक लिहिला की खाली एक ओळ : "अमुक मुलगा या तासाला काय करेल." वेगळा कागद नाही, वेगळी वही नाही. बेरजेचा तास असेल तर तो वीसच्या आत मण्यांवर करेल, गटात बसूनच. इतकंच. त्यांना ते जड गेलं नाही.

उंबरठा

मी शिक्षिका नाही. आई आहे. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, आता आठवीत आहे. पाटीपेन्सिल ताईंचं पहिलं पोस्ट वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तो चौथीत असताना, आधीच्या शाळेत, तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला फोन आला. "उद्या साहेब येणार आहेत. गर्दी, गडबड असेल, त्याला त्रास होईल. घरीच राहू द्या." बोलणं अगदी गोड होतं. मी दुसऱ्या दिवशी त्याला इस्त्रीचा गणवेश घालून नेऊन सोडला. त्याला वर्गात बसवलं नाही. ज्या खोलीत त्याचं साहित्य ठेवलं होतं, त्या खोलीत शिपाईमामांसोबत बसवलं आणि दाराला बाहेरून कडी नव्हती एवढंच. संध्याकाळी त्याने मला विचारलं, "आई, साहेब मला रागावले असते का?"

तेव्हा सगळ्या शिक्षकांना हात जोडून सांगते, त्या दिवशी आमच्या मुलांना लपवू नका. ती लाळ गाळतील, एखादं ओरडेल, उत्तर द्यायला वेळ लावेल. लावू दे. अधिकाऱ्यांनाही कळू दे की शाळेत हे रोज चालतं आणि शाळा ते सांभाळते.

आणि एक. योजना करताना आईबापांना बोलवा. सही घ्यायला नव्हे, विचारायला. माझा मुलगा थकला की उजवा हात आवळतो, मग त्याला लिहायला सांगून उपयोग नसतो, पण दहा मिनिटांनी तो पुन्हा लिहितो. हे मला माहीत होतं, शाळेला माहीत नव्हतं. तो लिहायला टाळाटाळ करतो असा शेरा दोन वर्षं प्रगतिपुस्तकावर आला. आताच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन हे विचारून घेतलं. परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो, मधे हात मोकळा करायला थांबू देतात. गेल्या वर्षी त्याने इतिहासाचा पूर्ण पेपर स्वतःच्या हाताने लिहिला.

शेरेबुक

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून फार वाईट वाटलं. हे चालतं, मला माहीत आहे. आणि ते पकडता येतं. तपासणीच्या दिवशी दिव्यांग मूल गैरहजर दिसलं की मागच्या दोन महिन्यांची हजेरी पाहायची. एरवी रोज येणारं मूल नेमकं त्याच दिवशी 'आजारी' असेल तर पालकांना तिथूनच फोन लावायचा. हा धागा वाचणाऱ्या केंद्रप्रमुखांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी हे करावं. शाळा व्यवस्थापन समितीशी चर्चा करतानाही या मुलांच्या एका तरी पालकाला बोलावून घ्यावं.

लेस्टरची वाट

मूळची सांगलीची, आता इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत वर्ग-मदतनीस आहे. तुमच्या चर्चेत थोडी भर घालते. इथलं सगळं भारी आहे असं मला म्हणायचं नाही.

इथे तपासणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था करते. मुख्याध्यापकांना सोमवारी फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात. त्यामुळे महिनाभर आधी रंगरंगोटी करायची सोयच नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नवी पद्धत आली, त्यात समावेशन हा मूल्यांकनाचा स्वतंत्र भाग झालाय. शेरेबुक काका जे एकेका मुलामागे जाण्याबद्दल सांगतात ना, जवळजवळ तेच इथे आता रीतसर करतात. थोडी मुलं निवडतात, त्यांच्या गरजा काय, शाळेने काय केलं, त्याने काय फरक पडला हे त्या मुलाभोवतीच तपासतात. मुलांशीही बोलतात.

प्रत्येक शाळेत या कामासाठी एक समन्वयक शिक्षक असावाच लागतो. काम एका चक्राने चालतं : मुलाची गरज समजून घ्या, ठरवा, करा, आणि पुन्हा पाहा. साधारण दर सत्राला ते चक्र फिरतं. यात एक गोष्ट मला फार पटली. मदत मिळायला आधी डॉक्टरचा कागद लागत नाही. बाईंना वाटलं की मूल अडतंय, तर त्या दिवसापासून मदत सुरू. कागद मागून येतो, कधी येतही नाही. तुमच्या 'दबक' लिहिणाऱ्या मुलासाठी हे सांगावंसं वाटलं.

ज्यांना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी स्थानिक प्रशासन कायदेशीर आराखडा करून देतं. त्याला वीस आठवड्यांची मुदत आहे आणि अनेक ठिकाणी ती पाळली जात नाही. इथल्या आयाही ताटकळतात, भांडतात. फक्त त्यांच्या भांडणाला कायद्याने मुदत दिली आहे, त्यामुळे नेमकं कशावर बोट ठेवायचं ते त्यांना माहीत असतं.

आमच्या शाळेत अशा प्रत्येक मुलाचं एक पान असतं. वर त्याने स्वतः सांगितलेलं : मला काय आवडतं, मला कशाने त्रास होतो, मला मदत कशी करा. बदली शिक्षक आले तरी ते पान वाचून तास सुरू करतात. उंबरठा ताईंच्या मुलाच्या हाताची गोष्ट अशा पानावर पहिल्या ओळीत आली असती.

जोतं

मी बांधकाम विभागात आहे, शाळांच्या दुरुस्त्या पाहतो. रॅम्पबद्दल बोलतो, कारण त्याचा फोटो सगळे लावतात.

उतार एकास बारा हवा. म्हणजे जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. बहुतेक शाळांत तो सहा-सात फुटांत संपवलेला असतो, कारण तेवढीच जागा किंवा तेवढाच निधी. त्या उतारावर चाकाची खुर्ची मोठा माणूस ढकलतानाही मागे येते, रोलेटरवालं मूल तर एकटं चढूच शकत नाही. दोन्ही बाजूंना कठडा, वर दारासमोर वळायला सपाट जागा, पृष्ठभाग खरबरीत. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते घासून काढायला कुणालातरी नेमा.

सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन वळवता येतो. आणि स्वच्छतागृह पाहा. दार नव्वद सेंटीमीटर मोकळं उघडतं का, आत धरायला दांडी आहे का. माझ्या पाहण्यात निम्म्या ठिकाणी त्याला कुलूप असतं आणि आत झाडू, तुटके बाक. तपासणीच्या सकाळी ते रिकामं करण्यापेक्षा आजच किल्ली मुलाच्या वर्गात टांगा.

खडूधूळ

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. कार्यालयात बाहेरच्या बाजूला 'दिव्यांग विद्यार्थी' असा फलक असतो, त्यावर नाव, इयत्ता, प्रकार, टक्केवारी. तपासणीआधी तो पुन्हा रंगवला जातो. कृपा करून उतरवा. ही माहिती शिक्षकांच्या कपाटात असावी. सातवीतल्या मुलीने येता-जाता स्वतःच्या नावापुढे 'बौद्धिक अक्षमता' वाचायचं, तिच्या मैत्रिणींनीही वाचायचं, याची काही गरज नाही. स्क्वाफला पुरावा जोडतानाही मुलाचा चेहरा आणि प्रमाणपत्र दिसेल असे फोटो टाकू नका. वहीचं पान, योजनेचं नाव झाकलेलं पान, बैठकीचं इतिवृत्त हा जास्त चांगला पुरावा आहे.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल स्टाफ मीटिंगमध्ये हा धागाच मोठ्याने वाचून दाखवला. उंबरठा ताईंचं पोस्ट वाचताना दोघीतिघींना पुढे ऐकवेना.

फलक उतरवला. रॅम्प मोजला : जोतं सव्वा फूट आणि रॅम्प आठ फूट, म्हणजे पंधराच्या जागी आठ. ग्रामपंचायतीला आणि गट शिक्षण कार्यालयाला मोजमापासह पत्र दिलं आहे. तोवर तिसरीचा वर्ग पलीकडच्या इमारतीत हलवतोय, तिथे पायरी एकच आहे आणि तिथे लहान उतार आम्हीच करून घेऊ शकतो. दोनशिक्षकी सरांचा विशेष शिक्षकांचा मुद्दा तपासणीच्या शेरेबुकात यावा म्हणून विशेष शिक्षकांच्या भेटींच्या तारखा आणि मुलांची गरज समोरासमोर मांडून एक पान तयार केलंय. तपासणीत अधिकाऱ्यांना ते देऊन शेऱ्यात त्याचा उल्लेख करायची विनंती करणार. शेरा लेखी आला की पाठपुराव्याला आधार मिळतो.

एकाच ठिकाणी अडलेय. 'दबक'वाल्या मुलाचे वडील. फिरता फळा सरांनी वेगळं लिहितो म्हटलं होतं, त्याची वाट पाहतेय. मी घरी जाऊन आले. मुलाची रुग्णालयात तपासणी करून घेऊ म्हटल्यावर ते एकदम उखडले. "माझ्या पोराला वेडं ठरवायचंय का? बाजारात मला हिशेब तो सांगतो." आई दारात उभी राहून रडत होती. मी चहा न घेताच परत आले. आता पुन्हा जावं की थांबावं?

फिरता फळा

जा ताई. पण या वेळी हॉस्पिटलचा विषय आधी काढू नका.

त्यांनीच तुम्हाला वाट दाखवली आहे : बाजारातला हिशेब. त्यांना शाळेत बोलवा, मुलाला त्यांच्यासमोर तोंडी हिशेब घाला. तो फाडफाड सांगेल. मग तोच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून वाचायला द्या, पण एकट्यात, वर्गासमोर नको. वडिलांना स्वतःच दिसेल की डोकं पक्कं आहे आणि अडचण अक्षरांपाशी आहे. तेव्हा सांगा की याला अध्ययन अक्षमता असू शकते, हुशारीशी तिचा संबंध नाही, कायद्यात तिची वेगळी नोंद आहे, आणि अशी मुलं शाळेने लवकर ओळखावीत हे त्याच कायद्यात लिहिलंय. पुढे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ हा त्याचा हक्क असेल, पण त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचा कागद लागतो. ही गोष्ट बहुतेक बापांना पटते. निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात, तुमचा मुलगा चौथीत आहे, म्हणजे वेळ योग्य आहे.

तोवर थांबू नका. प्रशस्त या दिव्यांगत्वाची प्राथमिक चाळणी करणाऱ्या अ‍ॅपमधला पहिला भाग त्याच्या वर्गशिक्षकांनी भरावा, दुसरा भाग तुमच्या विशेष शिक्षकांचा. तो निदानाचा कागद नाही, फक्त चाळणी आहे, हे घरी नीट समजावून सांगा. मदत उद्यापासून सुरू करा : मोठ्याने वाचायला उभं करणं बंद, उत्तरं तोंडी घ्या आणि वहीत तुम्ही लिहा, 'ब' आणि 'द' वाळूत बोटाने गिरवून घ्या, एका वेळी एकच अक्षर, दुसरं चार दिवसांनी. तपासणीत त्याच्याबद्दल विचारलं तर प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला यादीतून वगळलेलं नसावं. प्रमाणपत्रवाल्यांच्या आकड्यात त्याला मिसळू नका, पण 'निरीक्षणाखाली' असं वेगळं पान असू द्या आणि त्यावर काय-काय केलं ते तारखेनिशी लिहा.

रुग्णालयाला शाळेकडून एक पत्र लागतं, त्यात वर्गशिक्षकांची निरीक्षणं आणि वहीच्या दोन-तीन पानांच्या प्रती जोडाव्यात. माझ्याकडे मसुदा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वडील तयार झाले की कळवा. तुमच्या जिल्ह्यात माझा बॅचमेट आहे, तो त्यांच्यासोबत रुग्णालयात जाईल.